मदत हवी आहे: बाबांना व्हिटॅमिन सी च्या गोळ्या रोज किती द्यायच्या?

माडाखालचा
नमस्कार, जरा तातडीने हवंय. बाबा गावी असतात (राजापूर तालुका), मी डोंबिवलीत. गेले दोन महिने दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणतात आणि परवा व्हिडिओ कॉलवर हातावर काळेनिळे डाग दिसले, कुठे आपटलात का विचारलं तर नाही म्हणाले. इथला मेडिकलवाला म्हणाला सी कमी पडलंय, अँटीऑक्सिडंट आहे, कितीही घेतलं तरी जास्तीचं लघवीतून निघून जातं. म्हणून 500 च्या चघळायच्या गोळ्यांच्या दहा पट्ट्या घेतल्यात. उद्या रात्रीच्या गाडीने निघतोय. रोज दोन द्यायच्या की चार? प्लीज फक्त आकडा सांगा, बॅग भरायचीय.

तिठा
वय काय? बाकी कुठली औषधं चालू आहेत? शुगर, बीपी? जेवणात फळं-भाज्या असतात का? हे काहीच न लिहिता आकडा कोण सांगेल.

आगळप्रेमी
गोळ्या कशाला हव्यात, रोज दोन वेळा कोकमाचं सार द्या. आमची आजी 87 वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत सुपारी फोडून खायची. कोकमात सी ठासून भरलेलं असतं म्हणूनच तर ते एवढं आंबट.

दापोलीचे मास्तर
आंबट म्हणजे सी, हा समज वर्गात तीस वर्षं खोडत आलो, इथेही खोडतो. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा, चिंचेचा टार्टारिकचा. उलट पेरू गोड, तरी 100 ग्रॅममध्ये सी 200 मिलिग्रॅमच्या आसपास, लिंबात जेमतेम 50.

आता अँटीऑक्सिडंटबद्दल. शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना फ्री रॅडिकल्स तयार होतात, त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि त्याची जोडी जमवायला ते जवळच्या पेशीचं आवरण, डीएनए, जे सापडेल त्यातून इलेक्ट्रॉन ओढतात. सी तिथे आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, आणि वापरलं गेलेलं व्हिटॅमिन ई सुद्धा पुन्हा कामाला लावतं. हे सगळं खरं. पण माडाखालचा, हिरड्यांतलं रक्त हा त्या कामाचा भागच नाही. ते कोलॅजनचं काम. कोलॅजनचे धागे घट्ट विणायला सी लागतं, ते नसेल तर बारीक रक्तवाहिन्या फुटतात, हिरड्या सुजतात, जुनी जखमसुद्धा उसवते. 1747 साली जेम्स लिंडने जहाजावरच्या आजारी खलाशांना संत्री-लिंबं दिली आणि ते उठून कामाला लागले तो हाच स्कर्व्ही. तो टाळायला दिवसाला 10 मिलिग्रॅमसुद्धा पुरतं! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020 च्या शिफारशीत पुरुषांना 80 आणि बायकांना 65 मिलिग्रॅम आहे. तुमची एक गोळीच 500 ची.

आगळप्रेमी
मास्तर, म्हणजे कोकम फुकटच का? त्यात गार्सिनॉल असतं, तो लाल रंगसुद्धा अँटीऑक्सिडंटच असतो.

दापोलीचे मास्तर
फुकट कोण म्हणालं. दोन्ही असतं, मान्य. पण ते सी नव्हे, आणि प्रश्न सी चा आहे.

मालवणी मुलगी
गोळये कित्याक व्हये? परड्यात बोंडू कुसान जातत, ते आधी खावा! खरंच सांगते, काजूच्या बोंडूत संत्र्याच्या चार-पाच पट सी असतं आणि आपण बी पिळून घेतो आणि बोंडू गुरांपुढे टाकतो. एप्रिलमध्ये आमच्या परड्यात त्या आंबूस वासाने उभं राहवत नाही.

हापूसवाला
राजापूरला यंदा बी चा दर काय चाललाय? कोणी विकली का?

तिठा
हापूसवाला, वेगळा धागा काढा हो. माडाखालचा, अजून उत्तर नाही आलं. वय? औषधं? आणि मुतखडा कधी झाला होता का?

माडाखालचा
वय 71. गेल्या वर्षी स्टेंट टाकली, तेव्हापासून रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्या रोजच्याच म्हणून लिहिलं नाही. मुतखडा झाला होता, काढला, त्याला पाच-सहा वर्षं झाली. जेवण म्हणजे सकाळी पेज, दुपारी-रात्री भात आणि माशाचं कालवण. आई गेल्यापासून भाजी निवडत बसत नाहीत. पुढचे दात हलतात म्हणून पेरू नको म्हणतात. आता तरी सांगा दोन की चार?

तिठा
एकही नाही! रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी हिरड्यांतून रक्त येतं आणि न आपटता डाग पडतात, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. आणि त्या गोळ्या घाबरून स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट आहे. ज्यांनी लिहून दिल्यात त्यांनाच उद्या सकाळी फोन करा, डागांचे फोटो पाठवा.

दुसरं, मेडिकलवाल्याने अर्धंच सांगितलं. जास्तीचं सी लघवीतून जातं खरं, पण त्यातलं काही ऑक्सलेट होऊन जातं आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचेच असतात. 2013 मध्ये स्वीडनमधल्या पुरुषांवरचा अभ्यास आला होता, सी च्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. माझ्या भावाने दिवसाला दोन-दोन हजार घेतलं होतं, सर्दी होऊ नये म्हणून. सर्दी झालीच, आणि कळा कशा येतात ते मी त्याच्या उशाशी बसून बघितलंय.

सड्यावरची
मोरावळा द्या, रोज एक चमचा, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातो.

दापोलीचे मास्तर
चांगलाच, पण 71 वर्षांच्या माणसाला एवढा पाक देण्याआधी शुगर बघा. आणि लिंबू सरबत करून तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, तांब्याच्या संगतीत सी झपाट्याने नासतं. पिळलं की लगेच प्यायचं. वरणभातावर लिंबू पिळलं तर भाताबरोबरचं लोहही जास्त अंगी लागतं, फक्त जेवल्या जेवल्या चहा नको, तो लोह अडवतो.

माडाखालचा
गावाहून लिहितोय. डॉक्टरांनी फोटो बघून बोलावून घेतलं, रक्त तपासलं, दोनपैकी एक गोळी बदलली, आणि सी च्या गोळ्या नको म्हणाले, फळं द्या. दातांच्या डॉक्टरकडे सोमवारी नंबर लागलाय. पट्ट्या बॅगेतच आहेत. काल परड्यातले पिकलेले बोंडू वेचले, लाल आणि पिवळे, पिळून रस काढला आणि बाबांना अर्धा ग्लास दिला. दोन घोट घेतले आणि घसा धरला म्हणाले, खाली ठेवला. काय चुकलं?

मालवणी मुलगी
चुकला काय नाय, तो राप असता, म्हणजे बोंडूतला घसा धरणारा तुरटपणा. रसात थोडी गार पेज घालून ढवळा आणि हलवू नका, राप खाली बसतो, वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या आणि चिमूटभर मीठ टाका. आजच्या आज प्यायला हवा हं, संध्याकाळपर्यंत फसफसायला लागतो.

माडाखालचा
पेज आहेच चुलीवर. करून बघतो.