चेक इंजिन लाइट, कोड पी०१७१. गॅरेजवाले म्हणतात ओटू सेन्सर बदला, बदलू का?

घाटवळण:
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतलंय. मागच्या महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला पिवळा चेक इंजिन लाइट लागला तो लागलाच. गाडी झटके देत नाही, आवाज नाही, फक्त सीएनजीवर चढाला दम लागल्यासारखी ओढते आणि ॲव्हरेज थोडं पडलंय. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी हवा जास्त. त्यांनी कोड उडवून दिला, थोडे दिवस बरं गेलं, परत घाटातच लागला. आता म्हणतात ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) गेला, मजुरीसकट साडेसात हजार. पैशाला ना नाही हो, पण बदलूनही लाइट लागला तर काय करायचं? गौरी-गणपतीला कोल्हापूरला जायचंय, आई-बाबा सोबत असणार, वाटेत अडकायला नको.

तांबडा_पांढरा:
जाण्यापुरतं सांगतो. लाइट नुसता लागून राहिलाय ना, मग गाडी चालवता येते, जास्त दामटू नका, घाटात सीएनजीऐवजी पेट्रोलवर घ्या. पण तोच लाइट लुकलुकायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडायचा आणि कडेला घ्यायची, कारण मग मिसफायर चालू असतो, न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून खराब होतो आणि त्याच्या खर्चापुढे तुमचा सेन्सर काहीच नाही. ऑइलचा लाल दिवा आणि टेंपरेचर ही वेगळी प्रकरणं, ते लागले तर इंजिन लगेच बंद.

दहाबाराचा_पाना:
भावा, सेन्सर लगेच बदलू नकोस. पी०१७१ चा अर्थ ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, सारखं जास्त इंधन सोडावं लागतंय आणि तरी पुरत नाहीये एवढाच. हे त्याला ओटू सेन्सरनेच सांगितलंय, म्हणून सेन्सरच गेला असं कसं होईल? सेन्सरचं सर्किट किंवा हीटर गेला की सहसा वेगळे कोड येतात, पी०१३० पासून पी०१३५ पर्यंतचे. ते आलेत का विचार.

दोन गोष्टी बघायच्या. बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीतला दोष ओळखून कोड देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे म्हणजे तुझ्या गाडीत स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असणारच. हजारभर रुपयांत त्यात लावायचा ब्लूटूथचा ॲडॅप्टर, ईएलएम३२७, मिळतो, मोबाइलवर ॲप टाक. कोड लागला त्या क्षणाची नोंद ईसीयू ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, त्यात आरपीएम, स्पीड, लोड, कूलंटचं टेंपरेचर सगळं असतं. आणि कोड उडवला किंवा बॅटरीची तार काढली की ही नोंद पुसली जाते, म्हणून बघितल्याशिवाय कुणाला कोड उडवू देऊ नकोस, गॅरेजमध्ये सर्रास पहिलं तेच करतात आणि खरा पुरावा तिथेच जातो.

दुसरं फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेला) दोन्हींची बेरीज बघ. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के वरखाली असेल तर ठीक, वीसच्या पुढे गेली की लीनचा कोड यायची वेळ आली समज. तुझ्या किटमध्ये पेट्रोलचा ईसीयूच पल्स, म्हणजे इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते, ठरवतो आणि गॅसचा ईसीयू त्यावरून गॅस सोडतो, त्यामुळे दोन्ही इंधनांवर वेगळं बघणं हीच खरी टेस्ट. पेट्रोलवर टाकून लगेच आकडा वाचू नको, गॅसवर शिकलेला लाँग टर्म तसाच राहतो, वीसेक किलोमीटर चालव आणि मग बघ. पेट्रोलवर नॉर्मल आणि गॅसवर जास्त असेल तर दोष गॅसच्या बाजूला आहे, सेन्सर दोन्हीकडे तोच असतो ना.

आणि यूट्यूबवर लीन कोडला पहिलं उत्तर व्हॅक्यूम लीक (फटीतून जास्तीची हवा आत शिरणं) असतं, ते एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाड्यांना जास्त लागू. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर (इंटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असतो, तिथे हवा चोरून आत आली की कोड येण्याआधी आयडलचा आरपीएम चढलेला दिसतो. तुझा चढलाय का?

सोनचाफा:
दादा बरोबर बोलताहेत, फक्त एक भर घालते. पावसाळ्यात गाडी उभी असते तिथे उंदीर असतील तर बोनेट उघडून वायरी नक्की बघा, आमच्या सोसायटीत ओटू सेन्सरच्या वायरीचं आवरण कुरतडलेलं सापडलं होतं. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडाला काळी काजळी दिसते का तेही बघा, तिथून गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं लीन दाखवतो.

घाटवळण:
खूप आभार सगळ्यांचे. ॲडॅप्टर आणला. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम ३१००, स्पीड ४६, लोड ७१ टक्के, कूलंट ९२, म्हणजे दुसऱ्या गिअरला चढतानाच. आयडल नॉर्मल आहे. पेट्रोलवर वीस किलोमीटर मारल्यावर बेरीज +३, गॅसवर आयडलला +९ आणि चढाला +२४. वायरी शाबूत, एक्झॉस्टला काजळी नाही. आता?

दहाबाराचा_पाना:
झालं की निदान. आयडलला कमी आणि लोड आला की वाढतं, म्हणजे गॅस लागतो तेवढा पोचत नाहीये. रिड्यूसर (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा) आणि गॅस इंजेक्टरच्या मधला लो प्रेशर फिल्टर आधी बदल. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर येतं आणि त्यात ते साचतं. नाही फरक पडला तर रिड्यूसरचं प्रेशर आणि इंजेक्टर रेल, आणि शेवटी लॅपटॉप लावून गॅसचा मॅप, म्हणजे कधी किती गॅस सोडायचा ते सेटिंग, नीट करून घ्यायचा. काम सीएनजी फिटिंगवाल्याकडेच कर, साध्या गॅरेजमध्ये गॅसच्या लाइनला हात लावू देऊ नकोस, आणि पाइप जोडल्यावर साबणाच्या पाण्याने बुडबुडे येतात का ते उभं राहून बघ.

घाटवळण:
अपडेट. फिल्टर उघडला तर आत काळं चिकट ऑइल, कागद पूर्ण भिजलेला. फिल्टर आणि मजुरी मिळून साडेसातशे. मॅपही चेक करून घेतला. संध्याकाळी कात्रजचा जुना घाट सीएनजीवर चढवला, बेरीज +६ च्या वर गेली नाही. ओटू सेन्सर तोच आहे, कोड आता मीच उडवला, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवलाय. आई-बाबांना तारीख कळवली.

दहाबाराचा_पाना:
मस्त. निघायच्या आधी गॅसच्या टाकीच्या हायड्रो टेस्टची (टाकी दाब सोसते का त्या तपासणीची) पाटी बघून घे, दर ३ वर्षांनी लागते, उलटली असेल तर पंपावर गॅस भरायला नाही म्हणतात. आणि पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नकोस.