रश्टनचे त्रिकोणी लॉज: आत राहण्याची सोय कशी केली होती?

उंबरठा:
इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, रश्टन गावाजवळ, सर थॉमस ट्रेशम यांनी 1593 ते 1597 या काळात बांधलेल्या दगडी लॉजची छायाचित्रे नुकतीच पाहिली. तीन भिंती, प्रत्येक भिंत 33 फूट लांब, प्रत्येक मजल्यावर भिंतीगणिक तीन खिडक्या आणि माथ्यावर तीन-तीन त्रिकोणी शिखरे, ही सारी योजना ख्रिस्ती त्रैक्याशी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत एकच देव या श्रद्धेशी, जोडलेली आहे, हे लक्षात आले. परंतु समभुज त्रिकोणाचे कोपरे इतके चिंचोळे असतात की तेथे खाटही नीट बसणार नाही. ही वास्तू केवळ प्रतीक म्हणून उभारली होती, की तिचा प्रत्यक्ष वापरही अभिप्रेत होता?

तलविन्यास:
वापर निश्चितच अभिप्रेत होता. मांस आणि कातडे यांसाठी ससे पाळण्याचे राखीव कुरण ट्रेशम यांच्या जमिनीवर होते आणि हे लॉज त्या कुरणाच्या रखवालदारासाठी होते. कोपऱ्यांची अडचण त्यांनी फार सुंदर रीतीने सोडवली आहे. प्रत्येक मजल्यावर मधली मुख्य खोली षट्कोनी आहे, त्यामुळे त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन लहान जागा उरतात आणि त्यांपैकी एकीत गोल जिना चढतो. बाहेरून कठोर त्रिकोण दिसतो, पण आत वावरणाऱ्याला त्याचा जाच होत नाही. या वास्तूला नुसती ‘हौस’ म्हणणारे लोक हा तलविन्यास पाहतच नाहीत, असे मला वाटते.

शिलालेखप्रेमी:
त्या हौसेमागे मोठी किंमत मोजलेली आहे. प्रॉटेस्टंट राजवटीत ट्रेशम यांनी 1580 मध्ये उघडपणे कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्यापायी पुढची अनेक वर्षे कैदेत व नजरकैदेत काढली. सुटका झाल्यावर, जे बोलणे धोक्याचे होते ते त्यांनी दगडात कोरले. तिन्ही भिंतींवरील पट्टिकांत बायबलमधील एकेक लॅटिन वचन आहे आणि प्रत्येक वचनात बरोबर 33 अक्षरे आहेत. त्यांतील एक विचारते, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आम्हांला कोण विभक्त करील? कैद भोगलेल्या माणसाने हेच वचन निवडावे, यातच त्याची निष्ठा दिसते.

उंबरठा:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. भिंतींवरील आडवे पट्टे रंगवलेले आहेत का?

तलविन्यास:
नाही, ते फिकट आणि गडद चुनखडकाचे आलटून-पालटून रचलेले थर आहेत. वरच्या मजल्यावरील खिडक्यांचा तीन पाकळ्यांचा आकारही पाहावा. ते ट्रेशम घराण्याचे चिन्ह होते. त्याच परगण्यातील लिव्हडेन येथे त्यांनी क्रुसाच्या आकाराचे उद्यानगृह बांधायला घेतले होते, पण 1605 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यावर छप्पर कधीच चढले नाही. रश्टनला जाणार असाल, तर तेही अवश्य पाहावे.