फोन बदलण्याआधी बॅटरीची सेटिंग बघा

आईंच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज उशिरा येतात आणि स्क्रीन चालू केली की एकदम धडाधड येतात, म्हणून नवा फोन घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. कृपया लगेच घेऊ नका. हे लक्षण बहुतेक वेळा बॅटरी बचतीचं असतं.

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून 'डोझ' नावाची सोय आली. चार्जरला न लावलेला फोन स्क्रीन बंद करून टेबलावर नुसता पडून राहिला, की अ‍ॅप्सचं इंटरनेट रोखलं जातं आणि अधूनमधून थोडा वेळच सोडलं जातं. तातडीच्या मेसेजना यातून वाट असते, पण काही फोन कंपन्या त्याशिवाय आपलेही निर्बंध घालतात. खरी गोची तिथे होते.

सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग बॅटरी असं जा आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' (अ‍ॅपला आपोआप सुरू होऊ देणारी सोय) हेही वेगळं चालू करावं लागतं. सगळ्याच अ‍ॅप्सना मात्र ही मोकळीक देऊ नका, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप, एवढ्यांना पुरे.

त्याच बैठकीत 'डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे फोनचा आवाज गप्प ठेवणारी सोयही बघून घ्या. रात्री आई ते लावत असतील, तर त्यातला 'रिपीट कॉलर्स' पर्याय चालू ठेवा. त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर रिंग वाजते. आई एकट्या राहत असतील तर हे आजच करा.