मदत हवी आहे: व्हायोलिन न सोडता ऑर्केस्ट्राची कंडक्टर होता येतं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात राहतो. लेक अकरावीत आहे. लहानपणापासून पाश्चात्त्य व्हायोलिन शिकते, व्हायोलिनच्या परीक्षांची आठवी ग्रेड झाली, आता डिप्लोमाची तयारी चालू आहे. गेल्या दिवाळीपासून तिच्या मनाने घेतलंय की आपल्याला कंडक्टर व्हायचं, आणि व्हायोलिनही सोडायचं नाही.

हे वरवरचं वेड नाही अशी माझी खात्री झाली, म्हणून धागा काढतेय. मोझार्टच्या पाचव्या व्हायोलिन कन्चेर्टोचा (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली स्वरलिपी, तिने झेरॉक्स करून आणलीय. रात्री जेवणं आटोपली की ती टेबलावर पसरते आणि कोणतं वाद्य कुठे शिरतं त्याच्या खुणा तांबड्या पेन्सिलीने करत बसते. परवा मला विचारलं, "आई, सगळ्यांच्या ओळीला तीन शार्प (सूर चढवायच्या खुणा) आहेत, मग हॉर्नच्या ओळीला एकही कसा नाही?" मी हिंदुस्तानी गाणं शिकलेली. मला उत्तर देता आलं नाही, पण तिला हा प्रश्न पडला याचंच मला फार अप्रूप वाटलं.

तिचे सर म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस, आधी वादक हो. सरांबद्दल आदर आहे, त्यांची काळजीही कळते. पण खरोखर दोन्ही करणारे लोक जगात आहेत का? असले तर ते त्या जागी पोचले कसे? बारावीनंतर थेट कंडक्टिंगला प्रवेश मिळतो का? आणि मुख्य म्हणजे इथे, ऑर्केस्ट्रा हाताशी नसताना, तिने आज काय करावं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

ताई, आधी हॉर्नचं सांगतो. मोझार्टच्या काळात हॉर्नला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायच्या कळा, नव्हते. रचना ए मेजरमध्ये असली की वादक ए ची नळी बसवायचा. त्याच्यापुढे लिहिलेला असतो सी, ऐकू येतो ए. म्हणून त्याच्या ओळीला शार्प लागत नाहीत. तुमच्या गाण्यात पट्टी कुठलीही असो, षड्जाला सा च म्हणतात, तसंच हे. कंडक्टरला अशा सगळ्या ओळी एकाच वेळी मनात खऱ्या सुरांत ऐकाव्या लागतात. तुमच्या मुलीने सुरुवात अगदी योग्य ठिकाणी केली आहे.

आता दोन्ही करणाऱ्यांबद्दल. मुळात बॅटन (कंडक्टरची छडी) घेऊन वेगळं उभं राहणं हीच नंतरची गोष्ट. पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक हाबनेक 1828 पासून कॉन्झर्व्हातॉर या संगीतशाळेच्या मैफलींत बेथोव्हनच्या सिंफनी व्हायोलिनच्या बोनेच (गजानेच) चालवायचा. व्हिएन्नात विली बॉस्कोव्स्की हे फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनवादकांचे प्रमुख. त्यांनी 1955 ते 1979 नववर्षाच्या मैफली व्हायोलिन हातात घेऊनच चालवल्या.

आपल्या मुंबईचं उदाहरण तर घरचंच आहे: मेहली मेहता. झुबिन मेहतांचे वडील एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते, याचं मला वाईट वाटतं. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पहिली दहा वर्षं ते त्यात कॉन्सर्टमास्टर म्हणून वाजवत होते, कंडक्टर झाले ते त्यानंतर. मधे न्यूयॉर्कला जाऊन इव्हान गलामियनकडे व्हायोलिन शिकून आले. पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात कंडक्टर बार्बिरोलींच्या हाताखाली वाजवलं, मग फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये. 1964 मध्ये लॉस एंजेलिसला गेले तेव्हा वय पंचावन्नच्या पुढे होतं. तिथे अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन केली आणि पुढची तीसहून अधिक वर्षं तरुण वादक घडवले.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की ऑर्केस्ट्रात बसून घालवलेली वर्षं वाया गेली नाहीत, तेच त्यांचं शिक्षण होतं. सेकंड व्हायोलिनला बसलं की हात अस्पष्ट पडला तर वादकांची कशी पंचाईत होते ते कळतं. म्हणून सरांचं अर्धं बरोबर आहे, वादक व्हायलाच हवं. मात्र त्यासाठी कंडक्टिंग थांबवायची गरज नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मी जर्मनीत असते.

इथे कंडक्टिंगच्या प्रवेश परीक्षेत पियानो कसून बघतात. स्कोअर समोर ठेवून तो पियानोवर वाजवायला सांगतात. व्हायोलिन कितीही उत्तम असलं तरी पियानोत कच्चे असाल तर अवघड जातं. तेव्हा बारावीची वाट न बघता तिला आजपासून पियानो सुरू करू द्या. कानाची परीक्षाही कडक असते. खर्चाचं म्हणाल तर बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो पडतात. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा.

दोन्ही शेवटपर्यंत टिकतंच असंही नाही. याप फान झ्वेडेन एकोणिसाव्या वर्षी आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्टमास्टर झाले, पुढे व्हायोलिन बाजूला ठेवून पूर्णवेळ कंडक्टर झाले. उलट फिनलंडचे योन स्टोरगोर्ड्स. तेही स्वीडिश रेडिओच्या ऑर्केस्ट्रात कॉन्सर्टमास्टर होते, मग हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत कंडक्टिंग शिकले, हेलसिंकी फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले आणि व्हायोलिनही वाजवत राहिले.

मुलगी आहे म्हणून मुद्दाम लिहिते, आयोना ब्राउन आणि मॅरिन ऑल्सप यांच्याबद्दल तिला वाचू द्या. आयोना ब्राउन यांनी 1974 पासून अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स ही लंडनची वाद्यवृंद-संस्था व्हायोलिन वाजवत चालवली. संधिवातामुळे व्हायोलिन सुटलं तेव्हा त्या कंडक्टर म्हणून पुढे उभ्या राहिल्या. ऑल्सप मूळच्या व्हायोलिनवादक. 1984 मध्ये त्यांनी कॉन्कॉर्डिया नावाचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला आणि 2007 मध्ये बाल्टिमोर सिंफनीच्या प्रमुख झाल्या. व्हायोलिनचा रियाज घरी एकटीने करता येतो, कंडक्टिंगचा नाही. समोर माणसं लागतात, आणि ती कुणी आणून देत नाही.

प्रतिसाद ३

गोव्याच्या वादकांचा उल्लेख राहिला. अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक. प्यारेलालजी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि पुढे स्टुडिओत मोठमोठे वाद्यवृंद चालवले. मुंबईत ही परंपरा आहे, त्यामुळे आपल्याकडे हे होतच नाही असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

मुलीला एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीला नक्की न्या. हा ऑर्केस्ट्रा 2006 मध्ये सुरू झाला, संगीत संचालक मरात बिसेनगालिएव्ह स्वतः व्हायोलिनवादक आहेत. जागा शक्यतो अशी घ्या की कंडक्टरचा चेहरा दिसेल.

प्रतिसाद १ (पुन्हा)

"आज काय करावं" याचं उत्तर राहिलं होतं.

आठ-दहा मुलं जमवा. चार-पाच व्हायोलिन, एक-दोन व्हिओला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य), एक चेलो, जमलं तर डबल बास. मोझार्टचं के 136 (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) हे डिव्हर्टिमेंटो, म्हणजे हलकीफुलकी रचना, घ्या. त्याने ते 1772 मध्ये लिहिलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या मुलीएवढाच. आधी तिने पहिल्या खुर्चीवर बसून वाजवत चालवावं. व्हायोलिन हनुवटीखाली असताना हात मोकळे नसतात, सगळं श्वासावर आणि बो उचलण्यावर चालतं. सुरू करण्याआधीचा श्वासच पुढची लय सांगतो. तो श्वास गडबडीचा असेल तर पहिला बार (मात्रांचा पहिला गट) फुटलाच म्हणून समजा. हे जमलं की तीच रचना व्हायोलिन खाली ठेवून, नुसत्या हातांनी. मोबाइलवर चित्रीकरण करा, पण कॅमेरा वादकांच्या बाजूला ठेवा, म्हणजे तिचा हात त्यांना कसा दिसतो ते तिला कळेल. सिबेलियस अकादमीत योर्मा पानुला असंच शिकवायचे. विद्यार्थी खऱ्या वादकांपुढे उभा राहायचा आणि नंतर स्वतःचं चित्रीकरण बघायचा.

मोठ्या सिंफनींच्या मागे इतक्यात लागू नका. व्हिवाल्डी, बाख, मोझार्टचे कन्चेर्टो व्हायोलिन वाजवत चालवता येतात. ब्राह्म्स किंवा सिबेलियसचा कन्चेर्टो तसा क्वचितच कुणी करतं, तिथे एकलवादकालाच उसंत नसते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉर्नचं उत्तर तिला वाचून दाखवलं, तर तिने लगेच हॉर्नची ओळ ए मध्ये नव्याने उतरवून काढली. पियानोच्या शिकवणीची चौकशी आजच केली. सरांशीही बोलणं झालं. के 136 चं नाव ऐकल्यावर ते स्वतः म्हणाले, मुलं जमवलीत तर रविवारी सकाळी माझ्या क्लासची जागा वापरा.

व्हायोलिनवाली पाच मुलं मिळाली आहेत, चेलोवालाही एक आहे. अडलंय व्हिओलावर. ठाणे, मुलुंड, डोंबिवली या बाजूला व्हिओला वाजवणारं कुणी असेल, वय कितीही चालेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.