मदत हवी आहे: स्पोर दोन प्रकारचे दिसायला हवेत, एकच दिसतोय (अर्जंट)

निशिगंध_२ | शुक्रवार, सायं. ६:४८
तीन तास घालवले, शेवटी वैतागून घरी आले. पुस्तकातल्या आकृतीत एका बाजूला बारीक स्पोरांचा ढीग, दुसऱ्या बाजूला मोठे चार. माझ्या स्लाइडवर नुसते बारीकच. सोळा सेक्शन कापले, सॅफ्रॅनिनचा रंग लावून पाहिलं, न लावता पाहिलं. त्यात मालाला वाळू लागलेली, कव्हरस्लिप धड टेकत नाही, दर वेळी पुसा आणि पुन्हा मांडा. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. कोणी स्वतः करून बघितलंय का? थिअरी नको, ती येते.

करवंदी_जाळी | ६:५५
वनस्पती कुठली?

जुना_खडू | ७:१०
बाळ, थिअरी येते म्हणणाऱ्यांचंच प्रॅक्टिकल अडतं, हा तीस वर्षांचा अनुभव आहे. स्पोर म्हणजे रुजून पुढची पिढी देणारा एकपेशी कण. लहान स्पोर रुजला की त्यातून नर पिढी, मोठा रुजला की मादी पिढी. मोठ्याच्या पोटात शिदोरी भरलेली असते, म्हणून तो मोठा. मादी पिढी त्या कवचाच्या आतच वाढते, फार तर तडकलेल्या फटीतून डोकावते. हाच धागा पुढे बीजापर्यंत जातो. मक्याच्या तुऱ्यातून झडणारा पराग हा लहान स्पोराचाच पुढचा अवतार. मोठा स्पोर बीजांडातून बाहेर पडतच नाही, चार तयार होतात, बहुधा तीन मरतात, एक उरतो. नेचे आणि फुलझाडं यांतलं हे नातं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हॉफमाइस्टरने १८५१ सालीच दाखवून दिलं. आधी हे नीट वाच.

निशिगंध_२ | ७:१४
सर, हेच नको म्हटलं होतं.
@करवंदी_जाळी सेलाजिनेला, नेच्यांच्या नात्यातली. आणखी कुठली असणार?

करवंदी_जाळी | ७:१७
मार्सिलिया, आयसोएटिस, साल्विनिया, अ‍ॅझोला. घ्या, चार झाल्या. म्हणून विचारलं.

गोठा_ते_ओटा | ७:२५
अ‍ॅझोला माझ्याकडे दोन टाक्या भरून आहे, म्हशींना देतो. शेणकाला आणि थोडं सुपर फॉस्फेट टाकलं की पसरतं. बेड कसा करायचा ते सविस्तर लिहू का?

घाटवाट | ७:३१
सेलाजिनेलाच्या मागे कशाला लागता? पावसाळ्यात पाचगणीच्या पठारावर डबक्यांच्या कडेला आयसोएटिस मिळतं, दिसायला अगदी गवताचा झुबका. बाहेरच्या पानांच्या बुडाशी मोठे स्पोर, आतल्या पानांच्या बुडाशी बारीक. ब्लेडसुद्धा लागत नाही, पान सोलून काढा, बुडाला फुगवटा दिसतोच.

करवंदी_जाळी | ७:३८
आणि सोलायला झुबका उपटा! त्यातल्या एका जातीचं नावच पाचगणीवरून पडलंय, आयसोएटिस पंचगणिएन्सिस. सह्याद्रीच्या काही पठारांपलीकडे ती सापडत नाही. एका जर्नलच्या आकृतीसाठी तिला हात लावू नका. फोटो काढा.

घाटवाट | ७:४१
एक झुबका म्हणालो, पठार नांगरा म्हणालो नाही.

करवंदी_जाळी | ७:४३
दर वर्षी प्रत्येक कॉलेज एकच झुबका नेतं.

तळ्याकाठी | ७:५०
तलावातली साल्विनिया न्या की. फुकट आहे, आणि काढली तर महापालिका आभारच मानेल. मुळांसारख्या लोंबणाऱ्या भागाला मण्यांचे घोस असतात, त्यात स्पोर.

करवंदी_जाळी | ७:५६
मणी दिसतील, पण कामाचे स्पोर मिळणार नाहीत. तलाव झाकून टाकते ती बहुतेक साल्विनिया मोलेस्टा. तिच्यात गुणसूत्रांचे पाच संच, त्यामुळे मायोसिस (स्पोर बनवणारं पेशीविभाजन) नीट होत नाही. ती वांझ आहे, नुसते तुकडे पडून पसरते.

परिभाषा_प्रेमी | ८:०२
विषय मराठीत चाललाय म्हणून सांगतो, 'स्पोर' काय? विश्वकोशात 'बीजुक' आहे. लघुबीजुक आणि गुरुबीजुक. किती नेमके शब्द!

जुना_खडू | ८:०९
शाळेच्या पुस्तकात 'बीजाणू' आहे. पोरांनी दहावीपर्यंत बीजाणू म्हणायचं, विश्वकोश उघडला की बीजुक, आणि अकरावीत गेलं की स्पोर. एकाच गोष्टीची तीन बारशी.

परिभाषा_प्रेमी | ८:१२
'अणू' लावल्यामुळे मुलांना ते अणूएवढं वाटतं, हा माझा मूळ आक्षेप आहे. यावर वेगळा धागा काढतो.

निशिगंध_२ | ८:१५
काढा, जरूर काढा. आणि या धाग्यावर कोणीतरी माझ्या स्लाइडबद्दल बोला.

घाटवाट | ८:२०
स्पोर येतात त्या शंकूचा रंग बघितलात का? नर कोश, म्हणजे बारीक स्पोरांची पिशवी, तांबूस-नारिंगी, मादी कोश फिकट आणि आतल्या चार गोळ्यांमुळे बाहेरून उंचसखल. भिंगाखाली लगेच कळतं. काही जातींत शंकूच्या बुडाशी एखादाच मादी कोश असतो. तुम्ही शेंडेच कापत असाल.

निशिगंध_२ | ८:२६
बाटलीतला माल आहे, गेल्या पावसाळ्यात फॉर्मेलिनमध्ये घातलेला. सगळा एकरंगी, भिजलेल्या चहापत्तीसारखा. आणि शेंडे नाही, अख्खा शंकू बुडापासून उभा कापला. बटाट्यात धरून.

रानवेडी | ८:३१
सेलाजिनेला म्हणजे संजीवनी ना? जत्रेत सुकी मूठ विकतात, पाण्यात टाकली की उलगडते. आमच्या आत्यांनी देवघरात ठेवली होती, सहा वर्षांनी उलगडली.

जुना_खडू | ८:३५
ती सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस. उलगडते म्हणजे जिवंत असतेच असं नाही. मेलेली पानंही पाणी पिऊन पसरतात.

करवंदी_जाळी | ८:४०
निशिगंधताई, तुमचा पहिला प्रश्न आत्ता पुन्हा वाचला. वर्षभर बाटलीत बसलेल्या मालाला वाळू आली कुठून? धुऊनच भरला असेल ना? आणि भिंग किती पॉवरचं लावता?

निशिगंध_२ | ८:४४
हो, स्वच्छ धुऊन भरला होता, मीच भरला. ४५ चं. बारीक स्पोर त्याखालीच नीट दिसतात.

करवंदी_जाळी | ८:५२
मग तुम्ही पुसून टाकताय ती वाळू नाही. बारीक स्पोर सहसा २० ते ६० मायक्रॉनचा. मोठा २०० ते ६००, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, नुसत्या डोळ्याला रव्याच्या कणासारखा दिसतो. कवच टणक. ब्लेड फिरलं की कापला न जाता कोशातून निसटतो आणि बोटाला खरखर लागते. कव्हरस्लिप त्याच्यावरच डुगडुगते. चुकून एखादा ४५ खाली आलाच तरी सगळं क्षेत्र व्यापून काळा डाग दिसणार. तुम्हाला वाटणार, कचरा.
सेक्शनचा नाद सोडा. शंकू वॉच ग्लासात पाण्यात ठेवा, सुईने बुडाकडून एकेक पान मागे ओढा, बगलेतला कोश फोडा. आधी साधं भिंग, मग १० चं. दाखवायला खळग्याची स्लाइड घ्या, म्हणजे कव्हरस्लिप टेकेल.

निशिगंध_२ | ८:५५
अरे देवा.
चाळीस मुलांची बॅच आहे, त्यांनाही हेच 'कचरा पुसा' सांगणार होते.

जुना_खडू | ९:०१
चाळीस मुलांची? म्हणजे आपण विद्यार्थिनी नाही?

निशिगंध_२ | ९:०४
तासिका तत्त्वावर शिकवते, सर. हा पेपर यंदाच अंगावर आलाय, आणि कायम झालेले कोणी सुट्टीत फोन उचलत नाहीत.

जुना_खडू | ९:०७
मॅडम, 'बाळ' मागे घेतो. आमच्या वेळी परमनंट स्लाइडा होत्या, आम्ही त्याच दाखवायचो. खरं सांगायचं तर सुट्टा मोठा स्पोर मीही कधी हातात घेतला नाही.

निशिगंध_२ | शनिवार, दु. १२:२०
विभागाची चावी मागून घेतली. दुसऱ्याच कोशात सापडले, चार एकमेकांना टेकून बसलेले, पिवळट. एकाच्या आतल्या बाजूला तीन रेघांची खूण दिसली, जिथे बाकीचे तिघे चिकटलेले असतात तिथे. दुसऱ्याला सुई लागली तर टणकन उडून टेबलाखाली गेला. वरच्या कोशातली धूळ त्याच पाण्यात सोडली, आता दोन्ही एका खळग्यात आहेत, सोमवारी तेच ठेवणार. कालचं फडकं खिडकीत वाळत होतं, ते कागदावर झटकलं. अकरा मिळाले.
@गोठा_ते_ओटा दादा, अ‍ॅझोला पाठवता का? पण पानांखाली बारीक फोड असतील तरच.

करवंदी_जाळी | १२:३१
फोड दोन आकारांचे असतील, फसू नका. तिथे मोठ्या फोडात लहान स्पोर आणि लहान फोडात एकच मोठा.

गोठा_ते_ओटा | १२:४०
फोड? रोग पडलाय का? आज सकाळीच म्हशींना घातलंय.