जीटी-३ गाडी: आधी सेटअप की आधी हात?

परशुराम_घाट, चिपळूण

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या कॉम्प्युटरवरच्या शर्यतीच्या गेममध्ये जीटी-३ (शर्यतीसाठी बदललेली स्पोर्ट्स कार) चालवायला लागलेली नवी मंडळी पहिल्याच आठवड्यात कुणाचा तरी तयार सेटअप (टायर, स्प्रिंग, ब्रेक वगैरेंची जुळवणी) उचलतात. तो जमला नाही की दुसरा, मग तिसरा. माझं ठाम मत आहे की एक गाडी, एक ट्रॅक धरून सलग दहा लॅप अर्ध्या सेकंदाच्या फरकात येईपर्यंत सेटअपला हात लावू नये. गेममधलाच 'अ‍ॅग्रेसिव्ह' सेटअप घ्या आणि त्यातलं टायर प्रेशर, पेट्रोल आणि ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) एवढंच बदला.

कोरड्या ट्रॅकवर टायर तापल्यावर प्रेशर २६ ते २७ पीएसआयमध्ये हवं. पिटमधला थंड आकडा बघून काही ठरवू नका. चार लॅप मारा, मग चारही टायर वेगवेगळे बघा. मोंझा आणि स्पा हे दोन्ही ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे डावे टायर जास्त तापतात आणि डाव्या बाजूला सुरुवातीचं प्रेशर थोडं कमी लागतं. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की प्रेशर साधारण ०.१ ने चढतं. २० अंशांत जुळवलेला सेटअप २८ अंशांत तसाच चालवलात तर चारही टायर ०.८ ने वर गेलेले असतात आणि गाडी घसरायला लागते. मग दोष मात्र सेटअपवाल्याला.

पेट्रोलचंही तसंच. लॅपला ३ लिटर लागत असेल आणि शर्यत १२ लॅपची असेल तर ३६ लिटर, वर फॉर्मेशन लॅपचं (शर्यत सुटण्याआधीच्या फेरीचं) आणि एका जादा लॅपचं. ४२ भरलं की झालं. ६० लिटर भरून सराव केला तर जवळपास ४५ किलो वजन अंगावर घेऊन फिरता आणि शर्यतीच्या शेवटी गाडी वेगळीच लागते.

ब्रेक दर लॅपला वेगळ्या जागी लागत असेल, तर अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) एक क्लिक मऊ केल्याने काय झालं हे कळणार कसं?

खाडीकाठ, राजापूर

मोजमाप पटलं, निष्कर्ष पटला नाही. 'अ‍ॅग्रेसिव्ह' सेटअप ज्याचा हात बसलेला आहे त्याच्यासाठी आहे. पोर्शे ९११ जीटी-३ आरचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे. नवखा वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे जातं, मागचे टायर हलके होतात आणि गाडी फिरते. असं वीस वेळा झालं की तो माणूस वळणाच्या खूप आधी ब्रेक संपवून मोकळा होतो. ही सवय पुढे सुटत नाही. म्हणजे ज्या सेटअपवर हात बसवायला तुम्ही सांगता, त्याच सेटअपने हात बिघडतो.

त्यापेक्षा पहिल्या दिवशीच मागची विंग (गाडीला हवेने खाली दाबणारा पंख) दोन क्लिक वाढवा, डिफरन्शियलचा प्रीलोड (मागची दोन चाकं एकमेकांशी बांधून ठेवणारा ताण) २०-३० न्यूटन-मीटरने वर न्या, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरणं रोखणारी यंत्रणा) एक पायरी चढवा. प्रीलोड वाढला की ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागची दोन्ही चाकं जास्त बांधलेली राहतात, गाडी वळणात शिरताना शांत असते. बदल्यात वळणाच्या मध्यावर पुढून थोडी ढकलते. ढकलणारी गाडी शिकणाऱ्याला परवडते, फिरणारी नाही.

आणि त्रास कुठल्या वळणात होतो हे आधी विचारा. स्पाला ला सूर्ससारख्या हळू वळणात गाडी वळत नसेल तर अँटी-रोल बार, स्प्रिंग, डिफरन्शियल बघायचं. तिथे विंगेचा काही उपयोग नाही. पुऑनमध्ये, म्हणजे त्या वेगवान दुहेरी डाव्या वळणात, मागून हलत असेल तर विंग आणि गाडीची उंची. मागची उंची पुढच्यापेक्षा वाढवली की हवेचा दाब पुढे सरकतो. पुष्कळजण हेच उलट करतात, मागून सुटणारी गाडी मागून आणखी उचलतात.

दांडी_किनारा, मालवण

माका ह्या दोघांचाही अर्धाच पटता. खाली पेडल कसलं आहे ते कुणी विचारलंच नाही.

स्वस्त पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, त्यात एक पट्टी दुसरीवर घासते. आपल्याकडची खारी, दमट हवा त्या पट्टीला खाते. पाय काढलेला असतानाही ब्रेक २-३ टक्के दाबलेला दिसतो, कधी मधेच उसळी मारतो. सरळ रस्त्यावर वेग कमी, वळणात शिरताना गाडी झटका देते, आणि लोक ब्रेक बायस फिरवत बसतात. आधी कॅलिब्रेशनच्या पडद्यावर पाय न लावता रेघ स्थिर आहे का बघा. नसेल तर काँटॅक्ट क्लीनर मारा, तरी हलत असेल तर सुरुवातीला २-३ टक्के डेडझोन द्या, म्हणजे तेवढा दाब गेम मोजणारच नाही. हा तात्पुरता उपाय आहे, भाग बदलावाच लागतो.

लोडसेल ब्रेक (अंतर नाही, पायाचा जोर मोजणारा) घेता आला तर विंग, प्रीलोड सगळं नंतर. त्यात घासणारं काही नसतं आणि पाय अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात ठेवतो. पण ४०-५० किलोचा दाब आला की चाकाची खुर्ची लादीवरून मागे पळते. खुर्ची भिंतीला टेकवा किंवा पेडल आणि बैठक एकाच सांगाड्यावर घ्या. ॲल्युमिनियम प्रोफाइलचा सांगाडा करणार असाल तर साधे लोखंडी बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात. स्टेनलेस स्टीलचे घ्या, पण कोरडे लावू नका: खाऱ्या हवेत स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ग्रीस लावूनच आवळा. आणि जून ते सप्टेंबर कॉम्प्युटरला यूपीएस हवाच, शेवटच्या लॅपला लाइट गेली तर कुठलाच सेटअप कामाचा नाही.

परशुराम_घाट, चिपळूण

पेडलबद्दल पूर्ण मान्य, ते मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं.

विंगेबद्दल नाही. मोंझाला दोन क्लिक जास्त विंग म्हणजे सरळ रस्त्यावर मागचा माणूस अलगद पुढे निघून जातो. आणि गाडी हातातून जाण्याचं खरं कारण बहुतेक वेळा ॲक्सिलरेटर किंवा ब्रेकवरून पाय एकदम उचलणं हेच असतं. कुंभार्ली घाट उतरताना वळणाच्या तोंडाशी ब्रेक खाडकन सोडला की गाडीचं नाक उठतं आणि ती बाहेर जायला बघते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. इथे तेच शंभर-दीडशेच्या वेगात होतं.

ब्रेक सरळ रेषेत जवळजवळ पूर्ण दाबा, वेग उतरतो तसा सोडत जा. स्टिअरिंग वळायला लागेल तितका पाय वर यायला हवा, आणि अपेक्सजवळ (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूजवळ) शेवटचे ५-१० टक्के उरलेले असावेत. एबीएस सतत थरथरत असेल तर पुढचे टायर ब्रेकिंगमध्येच संपलेत, वळायला त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. तिथे दाब कमी करा, एबीएसचा आकडा नंतर.

खाडीकाठ, राजापूर

ब्रेक सोडण्याबद्दल वाद नाही. पण मोंझाचंच घेतलंत म्हणून विचारतो: अस्कारी वळणाच्या कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) गाडी उडते ती कुठल्या पायाने थांबवणार? तिथे बंपस्टॉप (सस्पेन्शन दबण्याच्या शेवटी असलेला अडसर) लवकर टेकतो आणि स्प्रिंग अचानक दगडासारखी होते. बंपस्टॉपची रेंज थोडी वाढवली, फास्ट डँपर (अचानक धक्का झेलणारी शॉकॲब्सॉर्बरची बाजू) दोन-तीन क्लिक मऊ केले की चाक कर्ब गिळतं. हे दहा काय, शंभर लॅप मारूनही हाताने जमणार नाही.

शिस्त मात्र हवी. एका वेळी एकच बदल, निदान तीन लॅप, मग वेगळ्या नावाने सेव्ह. मोटेकमध्ये (लॅपची नोंद रेघांत दाखवणारं सॉफ्टवेअर) बदलाआधीची आणि नंतरची ब्रेकची रेघ एकावर एक ठेवा. ब्रेकची रेघच वेगळी पडली असेल तर वेळेतला फरक गाडीचा नाही, तुमचा आहे. तुमचं दहा लॅपचं म्हणणं मला एवढ्यापुरतं मान्य.

दांडी_किनारा, मालवण

आणि पाऊस? दोघंही कोरड्या ट्रॅकवरच भांडताय. वेट टायरला (पावसाच्या टायरला) तापल्यावर साधारण ३० पीएसआय लागतं, २६ वर सोडलात तर गाडी लोण्यावर चालल्यासारखी वाटेल. विंग वाढवा, अँटी-रोल बार मऊ करा, गाडी थोडी उचला, ट्रॅक्शन कंट्रोल वर न्या. रंगवलेल्या कर्बना चाक लावू नका. ब्रेक डक्ट (ब्रेकला गार हवा देणारे मार्ग) थोडे बंद करा, पण ते केलं की रिम तापते आणि प्रेशरही चढतं, म्हणून प्रेशर पुन्हा बघा. ट्रॅक वाळायला लागला की सरळ रस्त्यावर ओल्या कडेने चालवा, नाहीतर वेट टायर दोन-तीन लॅपमध्ये जळतात.

परशुराम_घाट, चिपळूण

पावसात विंग वाढवायची हे मान्य. कोरड्यात नवख्याला प्रीलोड वाढवून द्यायचा हे अजूनही नाही. ढकलणाऱ्या गाडीत तो स्टिअरिंग जास्त वळवायला शिकतो, पुढचे टायर भाजतो, आणि मग पुढचं प्रेशर २७ च्या वर का जातं म्हणून विचारत येतो.