एनएस१ निगेटिव्ह, मग डेंग्यू नाहीच?

"कार्ड टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे डेंग्यू नाही" हे इथल्या चर्चेतलं म्हणणं पटलं नाही. कार्ड टेस्ट म्हणजे पट्टीवर होणारी एनएस१ची झटपट चाचणी. चाचणी तापाच्या कितव्या दिवशी केली ते आधी सांगा. एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन, पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं. पाचव्या दिवसानंतर सापडेलच असं नाही. तेव्हा आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं (अँटीबॉडी), बघायची. आणि ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय त्यांच्यात जुनी प्रतिपिंडं एनएस१ला चिकटतात, त्यामुळे ते आणखीच लवकर दिसेनासं होतं. हा मुद्दा इथे कुणी मांडलेला नाही.

आमच्याकडे इंदूरला, रामबागेत, शेजारच्या काकूंचं असंच झालं. सहाव्या दिवशी पैसे वाचवायला नुसती एनएस१ची पट्टी केली. कंट्रोलची रेघ (पट्टी नीट चालल्याची खूण) ठळक, टेस्टची जागा कोरी, घरचे निर्धास्त! डॉक्टरांनी मात्र एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्तचाचणी करायला लावली, त्यात आयजीएम पॉझिटिव्ह. तसंही सरकारी निकषांत कार्डावरचा पॉझिटिव्ह हा फक्त 'संभाव्य' रुग्ण. पक्कं निदान एलायझाचं. सरकारी केंद्रांना आयजीएमची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून जातात. आणि हो, प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, हेही धरून चालू नका, मलेरियातही त्या उतरतात.